व्हिजिट नोटचा स्क्रीन सुधारायचा, तर आधी काय काढून टाकायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या टीमने दवाखान्यांसाठी रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर बनवलं आहे. व्हिजिट नोटच्या, म्हणजे पेशंटच्या एका भेटीची नोंद डॉक्टर जिथे लिहितात त्या, स्क्रीनवर वरती निदान शोधायची चौकट, तिच्याखाली मोकळं लिहायला एक मोठी चौकट आणि तळाशी सेव्ह, एवढाच मामला. डॉक्टर म्हणतात, वेळ फार जातो. व्यवस्थापन म्हणतं, मोकळ्या मजकुरातून अहवाल निघत नाहीत. म्हणून टीमचा बेत असा की मोठी चौकट मोडून पंचवीसेक रकाने करायचे, त्यातले निम्मे सक्तीचे, आणि जोडीला आजारागणिक टेम्प्लेट द्यायची. जाता जाता हेही विचारलंय की सेव्हचं बटण वर बरं की खाली.

पंचवीस रकान्यांचा बेत तूर्त बाजूला ठेवा. मी बारा वर्षं ओपीडी केली आणि पुढे अशाच सॉफ्टवेअरच्या टीममध्ये जाऊन बसले, त्यामुळे या स्क्रीनच्या दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्या आहेत. वेळ जातो ही तक्रार खरी. पण तो लिहिण्यात जातो, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. डॉक्टरांच्या पाठीमागे घड्याळ घेऊन अर्धा दिवस बसा, मग दिसेल.

मी बसले होते तेव्हाचं सांगते. पेशंट आत यायच्या आधी डॉक्टरांनी मागची नोट उघडली. मग तपासण्यांचा टॅब. परत मागे. मग औषधांचा टॅब. परत मागे. तोवर पेशंट खुर्चीत बसलाही होता. बोलणं चालू असताना त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. हाताशी पडलेल्या एका कागदाच्या पाठीवर पेनाने लिहीत होत्या: ‘ताप ३ दि., थंडी +, खोकला –, लघवीला जळजळ +, कंबर दुखत नाही, सल्फा नको’. पेशंट गेल्यावर स्क्रीनकडे वळून त्यांनी टाइप केलं: ‘यूटीआय. औषध दिलं. ३ दिवसांनी बोलावलं.’ (यूटीआय म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग.) कागद चुरगळून टोपलीत.

त्या कागदावरची एकेक खूण म्हणजे त्यांचा विचार होता. खोकला नाही म्हणून छाती बाजूला काढली, कंबर दुखत नाही म्हणून संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला नसावा. यातलं काहीच कॉम्प्युटरमध्ये गेलं नाही. आणि ‘सल्फा नको’ हेही गेलं नाही, कारण ॲलर्जीचा टॅब तीन क्लिक लांब होता. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी सल्फाची गोळी लिहिली तर सॉफ्टवेअर गप्प बसणार. तुमचे पंचवीस रकाने त्या दिवशी असते, तर बाईंनी सक्तीचे बारा रकाने ठिपक्यांनी भरले असते आणि कागद तरीही टोपलीतच गेला असता.

माझ्या मते व्हिजिट नोटच्या स्क्रीनचं खरं दुखणं इथे आहे. यंत्राला जे आधीच ठाऊक आहे ते हा स्क्रीन डॉक्टरांकडून पुन्हा मागतो, आणि जे फक्त डॉक्टरांच्या डोक्यात आहे त्याला जागाच देत नाही. सुधारणा करताना प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: हे दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठे, आधीच नोंदवलंय का? असेल तर रकाना काढा आणि माहिती दाखवा. वजन, ताप, बीपी, नाडी नर्सने घेतलेलं असतं. वय, पत्ता नोंदणीत असतो. चालू औषधं मागच्या प्रिस्क्रिप्शनमध्ये असतात. हे सगळं स्क्रीनच्या एका बाजूला कायम दिसू द्या: वर ॲलर्जी, खाली चालू समस्या, मग औषधं, मग आजची आणि मागची मोजमापं शेजारी शेजारी. ॲलर्जीची ओळ तिथल्या तिथे वाढवता यायला हवी, दुसऱ्या स्क्रीनवर न जाता. दुसरी कुठलीच सुधारणा जमली नाही तरी ही एक करा.

‘दाखवा’ आणि ‘नोटमध्ये ओता’ यांत मात्र गल्लत करू नका. बऱ्याच टीम इथे घसरतात. एका बटणात आठवड्याभराचे सगळे रिपोर्ट नोटच्या मजकुरात उतरतात, आणि तीन ओळींची नोट चार पानांची होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय केंद्रात भरती रुग्णांच्या २३,६३० नोंदी तपासल्या गेल्या होत्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाताने टाइप केलेला मजकूर १८ टक्के निघाला. ४६ टक्के आधीच्या नोंदींतून उचललेला, आणि उरलेला ३६ टक्के यंत्राने आणून ओतलेला. वाचणाऱ्याला त्या १८ टक्क्यांत रस असतो आणि तो शोधायला त्याला शंभर टक्के चाळावं लागतं. म्हणून मोजमापं नोटशी जोडून ठेवा; त्या वेळचे आकडे नोटसोबत गोठवून ठेवा म्हणजे वर्षभराने उघडली तरी तेच दिसतील; पण मजकुरात ते ओतू नका. डॉक्टरांनी ‘क्रिएटिनिन वाढतंय’ (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) असं लिहिलं की तेवढ्या एका आकड्याला नोटमध्ये हक्काची जागा, बाकीचे बाजूला.

मागची नोट कॉपी करायचं बटण द्यावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण महिन्याभरात तुमचे डॉक्टर ते मागतीलच. मी एका ठिकाणी हे बटण उत्साहाने दिलं होतं. पुढे एका पेशंटच्या सलग चार भेटींच्या नोंदींत शेवटची ओळ होती ‘उद्या टाके काढणे’. टाके कधीच निघाले होते. हसू आलं, पण तसंच ‘उद्या रक्त पातळ करायचं औषध थांबवणे’ असं चार वेळा कॉपी झालं असतं तर? त्यानंतर आम्ही नियम बदलला. मागच्या नोटमधली समस्यांची यादी आणि जुना इतिहास पुढे आणता येईल. आजची तक्रार, आजची तपासणी आणि पुढची योजना येणार नाही. आणलेला मजकूर फिकट रंगात येतो आणि डॉक्टरांनी हात लावला की गडद होतो. सही करताना फिकट उरलेला भाग गळून पडतो. पहिले दोन आठवडे आरडाओरडा झाला, मग सवय झाली.

आता मजकुराचा क्रम. आज जगभर वापरली जाणारी चार भागांची मांडणी, म्हणजे पेशंट काय सांगतो, आपल्याला काय आढळलं, त्यावरून आपण काय ठरवलं आणि पुढे काय करायचं, ही लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांची देणगी. १९६८ साली त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये समस्यांवर आधारलेल्या नोंदींची कल्पना सविस्तर मांडली, आणि सत्तरच्या दशकात व्हरमाँट विद्यापीठात ती टच स्क्रीनवर चालवूनही दाखवली. म्हणजे आपण ज्याला नवं म्हणून डोकं खाजवतोय ते पन्नास वर्षांपूर्वी एकाने करून पाहिलेलं आहे. वीड यांचा भर चार भागांवर कमी आणि समस्यांच्या यादीवर जास्त होता: प्रत्येक समस्येला तिचा स्वतःचा धागा. सॉफ्टवेअरवाल्यांनी चार चौकटी घेतल्या आणि धागा सोडला.

चार भागांचा तो क्रम लिहिण्याला साजेसा आहे, कारण डॉक्टर तसाच विचार करत जातो. वाचण्याला मात्र तो उलटा पडतो. वाचणाऱ्याला आधी निष्कर्ष आणि योजना हवी असते. म्हणून काही रुग्णालयांनी शेवटचे दोन भाग वर आणून पाहिले. माझं म्हणणं, भांडण कशाला? लिहिताना तक्रारीपासून सुरुवात करू द्या आणि सही झालेली नोट दाखवताना निष्कर्ष वर आणा. कागदावर हे शक्य नव्हतं, स्क्रीनवर फुकटात होतं.

मोठी मोकळी चौकट पंचवीस रकान्यांत मोडू नका. तिचे तीन तुकडे पुरतात: तक्रार आणि तपासणी, निष्कर्ष, योजना. त्यातल्या निष्कर्षाच्या चौकटीत फिकट अक्षरांत एवढंच लिहा: ‘असं का वाटतं?’ आमच्याकडे या तीन शब्दांनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही टेम्प्लेटने पडला नाही. त्याआधी तिथे ‘मूल्यमापन’ असं भारदस्त लेबल होतं आणि लोक निदानाचं नाव पुन्हा टाइप करून पुढे जात.

निदान शोधायची चौकट ही या स्क्रीनवरची सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोष्ट आहे, तेव्हा तिथे जरा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात १४,००० च्या आसपास कोड आहेत, अमेरिकेतल्या विस्तारित आवृत्तीत सुमारे ७०,०००. यादी अक्षरांच्या जुळणीने लावली की काय होतं ते मी प्रत्यक्ष पाहिलंय: डॉक्टर दोन अक्षरं टाइप करतात, ‘डीएम’. त्यांना मधुमेह म्हणायचंय, जगातल्या प्रत्येक डॉक्टरला मधुमेहच म्हणायचं असतं. यादीत पहिला येतो डर्मॅटोमायोसायटिस, स्नायू आणि त्वचेचा एक आजार, जो बहुतेकांनी आयुष्यात एकदोनदाच पाहिलेला असतो. तर क्रम असा लावा: आधी याच पेशंटच्या चालू समस्या, मग या डॉक्टरांनी अलीकडे वापरलेली निदानं, मग या दवाखान्यात नेहमी येणारी, आणि सगळ्यात शेवटी उरलेला महासागर. बोलीतल्या लघुरूपांची एक छोटी यादी हाताने बनवा, दीड-दोनशे नोंदींची. ते काम कंटाळवाणं आहे आणि कुठल्याही हुशार अल्गोरिदमपेक्षा जास्त उपयोगी पडतं. वेगाबद्दल वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेले आकडे अजून लागू आहेत: एक दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, एक सेकंद ओलांडला की विचाराची साखळी तुटायला लागते. नेहमीची निदानं ब्राउझरमध्येच साठवून ठेवा, प्रत्येक अक्षराला सर्व्हरची वारी नको.

निदान सक्तीचं करू नका असं मी म्हटलं की अहवालवाले चिडतात. त्यांना हे दाखवा. तीन दिवसांचा ताप, कारण अजून कळलेलं नाही, आणि निदान भरल्याशिवाय सेव्ह होत नाही. मग डॉक्टर काय करतील? यादीतलं पहिलं तापाचं नाव निवडतील, समजा टायफॉइड. झालं, पेशंटच्या माथी टायफॉइड कायमचा लागला आणि तुमच्या अहवालात साथ दिसायला लागली. खरं तर आयसीडी-१० मध्ये लक्षणांसाठी ‘आर’ अक्षराचा अख्खा अध्याय आहे; आर५० खाली कारण न कळलेला ताप बसतो. हे कोड शोधात सन्मानाने वर येऊ द्या. आणि यादीत नसलेलं निदान शब्दांत लिहू द्या. ओपनएमआरएस या मुक्तस्रोत प्रणालीच्या व्हिजिट नोटमध्ये ही सोय आहे: कोड नसलेलं निदान तसंच ठेवता येतं, शिवाय मुख्य की दुय्यम आणि संभाव्य की निश्चित हेही सांगता येतं. कोड न मिळालेल्या निदानांची यादी दर आठवड्याला चाळा. तुमच्या शोधात काय कमी आहे हे तीच यादी सांगते.

‘संभाव्य’चा पुढचा प्रवास मात्र बहुतेक सॉफ्टवेअर विसरतात. पहिल्या भेटीत ‘दमा असावा’, तिसऱ्या भेटीत ‘दमा’, आणि समस्यांच्या यादीत दोन ओळी, दोन वेगळे दमे असल्यासारख्या. एफएचआयआर या माहिती-देवाणघेवाणीच्या मानकात यासाठी स्थिती ठरवून दिल्या आहेत: तात्पुरतं, पर्यायांपैकी एक, निश्चित, खोडून काढलेलं, चुकून नोंदलेलं. ओळ एकच ठेवा आणि तिची स्थिती बदला. ‘खोडून काढलेलं’ हेही दिसू द्या. हृदयविकार तपासून नाही म्हटलेला आहे, ही माहिती रात्री दोन वाजता छाती दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत सोन्यासारखी असते.

टेम्प्लेटबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. आजारागणिक टेम्प्लेट म्हणजे आधीच भरलेली ‘हृदय: ठीक, फुप्फुसं: ठीक, पोट: मऊ’ अशी माळ. न तपासलेलं पोट मऊ असल्याची सही डॉक्टर करून बसतात. कोर्टात ती नोट वाचली जाते तेव्हा कोणी विचारत नाही की हे टेम्प्लेटने लिहिलं होतं का. नोंदी फुगण्याचा दोष सगळा डॉक्टरांचा नाही, तेही खरं. अमेरिकेत १९९५ आणि १९९७ च्या नियमांनुसार इतिहास आणि तपासणीचे मुद्दे मोजून बिल ठरायचं. ओपीडीच्या भेटींसाठी ती मोजणी १ जानेवारी २०२१ पासून गेली. पंचवीस वर्षं लोक मोजणीसाठी लिहीत होते आणि सॉफ्टवेअर त्या मोजणीसाठी बनत होतं. तुम्हाला ते ओझं नसेल तर ते आपणहून डोक्यावर घेऊ नका. टेम्प्लेटऐवजी छोटे तुकडे द्या: डॉक्टरांनी स्वतः लिहिलेले, दोनचार अक्षरांत उमटणारे, आणि ज्यात बदलायच्या जागा रिकाम्या आहेत असे. रिकामी जागा भरली नाही तर सही होऊ नये, एवढी सक्ती मला मान्य आहे.

सेव्हच्या बटणापेक्षा मोठा प्रश्न मजकूर हरवण्याचा आहे. एका ठिकाणी स्क्रीन पंधरा मिनिटांनी आपोआप बंद व्हायचा. डॉक्टरांना शेजारच्या खोलीत अत्यवस्थ पेशंटसाठी बोलावलं गेलं, परत आल्या तर लॉगिनचं पान, आणि आत गेल्यावर नोट कोरी. पंधरा ओळी गेल्या. त्यांनी पुन्हा लिहिली ती दीड ओळ. खरं सांगायचं तर मीही तेवढीच लिहिली असती. स्क्रीन कुलूपबंद करणं गोपनीयतेसाठी हवंच, पण कुलूप लावताना खोलीतलं सामान फेकायचं नसतं. दर काही सेकंदांनी मसुदा सर्व्हरवर साठवा, नेटवर्क गेलं तर ब्राउझरमध्ये, तोही कूटबद्ध करून. कोपऱ्यात छोटं ‘साठवलं १०:४२’ दिसू द्या. ती वेळ बघून माणूस निर्धास्त होतो.

वेळेवरून आठवलं: प्रत्येक नोटला दोन वेळा लागतात. पेशंट पाहिला ती आणि नोंद केली ती. शुक्रवारी वीज नसताना कागदावर घेतलेली भेट सोमवारी चढवली, तर औषधाचे दिवस शुक्रवारपासून मोजायचे असतात. दोन्हींचा एकच रकाना ठेवलेली सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत; तिथे सोमवारी सकाळी अर्ध्या गावाला ताप आलेला दिसतो.

सहीनंतर दुरुस्ती नको, पुरवणी हवी. मूळ मजकूर तसाच, खाली तारीख, वेळ, नाव आणि बदल. हे तुम्हाला माहीत असेलच.

आवाज ऐकून आपोआप नोट लिहिणारी साधनं जोडायचा मोह होईल. जोडा, हरकत नाही, पण ती साधनं बोललेलं टिपतात आणि डॉक्टरांचा निम्मा विचार बोलला जातच नाही. पोट दाबताना पेशंटचा चेहरा आक्रसला, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही. निष्कर्षाची चौकट त्या साधनाच्या हाती देऊ नका, आणि प्रत्येक वाक्य संभाषणातल्या कुठल्या जागेवरून आलं ते एका क्लिकवर ऐकता येऊ द्या.

सुधारलं की नाही हे क्लिक मोजून कळत नाही. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात ५७ डॉक्टरांवर नजर ठेवली होती: कामाच्या दिवसातला २७ टक्के वेळ पेशंटसमोर, ४९ टक्के नोंदी आणि टेबलावरच्या कामात, आणि वर रोज रात्री घरी तासदोन तास. तेव्हा पहिलं माप हे घ्या की पेशंट गेल्यापासून सहीपर्यंत किती वेळ लागतो आणि किती सह्या कामाच्या वेळेनंतर होतात. दुसरं माप स्वस्त आहे आणि मला जास्त आवडतं. वीस नोटा घ्या, नावं झाका, त्या पेशंटना कधी न पाहिलेल्या डॉक्टरांना प्रत्येकी तीस सेकंद दाखवा आणि झाकून विचारा: काय झालंय, असं का वाटलं, पुढे काय ठरलंय? मधल्या प्रश्नाला किती उत्तरं येतात ते मोजा. स्क्रीन बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

अहवालांसाठी खरंच लागणारे रकाने किती, हे व्यवस्थापनाला लिहून मागा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या अहवालात, कोण, कधी वाचतं ते भरायला सांगा. आमच्याकडे चाळीसची यादी या एका अटीने सहावर आली. त्या सहांतले चार नर्सच्या स्क्रीनवर आधीपासूनच होते.

आणि सेव्हचं बटण. मसुदा आपोआप साठत असेल तर सेव्ह नावाचं बटणच नको. लोक ते भीतीपोटी दाबतात. हवं ते ‘सही करा’, स्क्रोल केलं तरी तळाशी स्थिर राहणारं, आणि त्यापासून चांगलं दोन बोटं लांब ‘रद्द’. आमच्या पहिल्या आवृत्तीत ती दोन बटणं शेजारी शेजारी होती, एकाच रंगाची.